मावळत्या सूर्याची हिरवी चमक: रंगाआधी आकार बघा

प्रश्न असा आहे: सूर्य समुद्रात बुडताना अगदी शेवटी हिरवा चमकतो असं ऐकलंय. हे खरं की डोळ्यांचा भास? खरं असेल तर कोकणातून किंवा गोव्यातून दिसेल का, आणि फोटो कसा काढायचा?

खरं आहे. भासाचा भागही त्यात थोडा मिसळलेला असतो, त्याबद्दल पुढे लिहितो. मी मर्चंट नेव्हीत होतो आणि चीफ ऑफिसर म्हणून बरीच वर्षं 4 ते 8 चा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, केला. हा वॉच पहाटेही येतो आणि संध्याकाळीही, त्यामुळे सूर्य उगवताना आणि मावळताना माणूस ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतच, असतो. कंपासची चूक काढण्यासाठी आम्ही मावळत्या सूर्याचं बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा, घेतो. ते घ्यायची वेळ म्हणजे बिंबाची खालची कड क्षितिजापासून साधारण अर्ध्या ते दोन-तृतीयांश बिंबाएवढी वर असते तेव्हाची. नोंद झाली की सूर्य पुरता बुडायला तीनेक मिनिटं उरतात. त्या मिनिटांत बघून बघून मी एवढंच शिकलो की हिरव्या रंगाची वाट बघण्यात अर्थ नसतो. आधी बिंबाचा आकार बघायचा. चमक येणार की नाही आणि आली तर कुठे येणार, हे आकारच सांगतो.

हे असं का, ते कळायला थोडं गणित लागेल. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. सूर्याचं बिंब साधारण 32 कलांचं दिसतं. क्षितिजाजवळ हवेतून येणारा प्रकाश सुमारे 34 कलांनी वाकतो. म्हणजे बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य अख्खाच्या अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो. आपण बघतो ती हवेने वर उचललेली प्रतिमा. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून मावळतीचा सूर्य चपटा दिसतो.

आता मुख्य भाग. हवा सगळे रंग सारखे वाकवत नाही. निळा आणि हिरवा थोडे जास्त वाकतात, लाल थोडा कमी. त्यामुळे हिरवी प्रतिमा लाल प्रतिमेच्या किंचित वर बसते. बिंबाच्या वरच्या काठाला हिरवी किनार येते आणि खालच्या काठाला लाल. सूर्य बुडतो तेव्हा लाल प्रतिमा आधी जाते आणि हिरवी मागे राहते. जांभळा आणि निळा तर त्याहूनही मागे राहायला हवेत. पण एवढ्या लांबच्या वाटेत त्यांचं इतकं विकिरण होतं की आपल्यापर्यंत ते जवळजवळ पोचतच नाहीत. पिवळा-नारिंगी पट्टा ओझोन आणि पाण्याची वाफ थोडा खाऊन टाकतात, म्हणून लाल आणि हिरवा एकमेकांपासून अधिक सुटे दिसतात. हवा विलक्षण स्वच्छ असली, उदाहरणार्थ उंच डोंगरावरच्या वेधशाळेत, तर शेवटचा ठिपका निळाही दिसतो. चिलीतल्या उंचावरच्या वेधशाळांमधून या चमकेचे सुंदर फोटो निघाले आहेत.

बहुतेक लेख इथे थांबतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की आकाश निरभ्र असलं की रोज हिरवी चमक दिसायला हवी. दिसत नाही. कारण लाल आणि हिरव्या प्रतिमेतलं अंतर जेमतेम 10 ते 20 विकलांचं असतं, आणि निरोगी डोळ्याला साधारण 60 विकलांपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. हिरवी किनार सूर्यास्ताला असतेच, दुर्बिणीतून फोटो घेतला तर दिसतेही. नुसत्या डोळ्याला मात्र ती फार बारीक पडते. ती दिसण्याजोगी व्हायची तर कोणीतरी ती उभ्या दिशेने ताणून मोठी करायला हवी. हे काम मृगजळ करतं.

हो, तेच मृगजळ. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी साचल्याचा भास होतो, ते समुद्रावरही होतं, फक्त फरक बारीक असल्याने लक्षात येत नाही. उष्ण कटिबंधात समुद्राचं पाणी बहुतेक वेळा वरच्या हवेपेक्षा थोडं गरम असतं. पाण्याला लागून असलेला हवेचा पातळ थर तापतो आणि सूर्याची एक उलटी प्रतिमा क्षितिजापाशी तयार करतो. सूर्य खाली येतो तशी ही उलटी प्रतिमा खालून वर येते आणि दोन्ही एकमेकींना चिकटतात. त्या क्षणी बिंब बुडाला बैठक असलेल्या तांब्यासारखं दिसतं. हा आकार दिसला की सावध व्हा. पुढे सुलटी आणि उलटी प्रतिमा दोन्ही आक्रसत जातात, शेवटी एक आडवा लांबट तुकडा उरतो, आणि त्या दोन प्रतिमा जिथे मिळतात तिथेच उभं ताणलं जाणं सगळ्यांत जास्त असतं. विकलांची किनार तिथे मोठी होते. तुकडा दोन्ही टोकांकडून पिवळ्याचा हिरवा होत मध्ये येतो आणि विझतो. एकूण वेळ एक-दोन सेकंद. किनाऱ्यावरून किंवा छोट्या होडीतून, म्हणजे डोळा पाण्यापासून काही मीटरच वर असताना दिसणारी चमक बहुधा याच जातीची.

दुसरी जात उंचावरून दिसते. मोठ्या कंटेनर जहाजाचा ब्रिज पाण्यापासून 40 मीटरच्या आसपास असतो. तुमच्या डोळ्याच्या खालच्या पातळीवर हवेचा उलटा थर असेल, म्हणजे खाली थंड हवा आणि तिच्यावर गरम, तर बिंबाला आडव्या चिरा पडल्यासारख्या दिसतात. कडेला खाचा पडतात, आणि त्या खाचा बिंब खाली जाईल तशा वरच्या बाजूला सरकतात. वरच्या काठाशी पोचल्या की एक पातळ पट्टी बिंबापासून सुटते, हिरवी होते आणि नाहीशी होते. मग दुसरी. यात गंमत अशी की चमक दिसते तेव्हा बाकीचा सूर्य अजून क्षितिजावर शिल्लक असू शकतो. ‘शेवटच्या क्षणी’ या शब्दांवर विसंबलेला माणूस ती हमखास चुकवतो. माझ्याबरोबरचे कॅडेट पाण्याच्या रेघेकडे टक लावून असायचे आणि चमक वरच्या काठावर होऊन जायची.

या जातींची व्यवस्थित विभागणी सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू यंग यांनी केली. प्रत्यक्षात दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या चमका वरच्या दोन प्रकारांत बसतात. तिसरा एक प्रकार आहे, डोळा त्या उलट्या थराच्या किंचित खाली असेल तेव्हाचा. त्यात बिंब कमरेशी आवळलं जातं आणि वरचा मोठा भाग हिरवा होतो, तोही दहा-पंधरा सेकंदांपर्यंत. मला तो कधी लाभला नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर थंड पाणी आणि त्यावर बसलेला गरम हवेचा थर यांमुळे खाचांवाल्या चमका बऱ्याच दिसतात. तिकडे मुलांकडे महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्यांनी एखादी संध्याकाळ समुद्राकडच्या कड्यावर काढायला हरकत नाही.

आता भासाचं. तांबड्या तेजस्वी गोळ्याकडे मिनिटभर बघत राहिलं की दृष्टिपटलावरच्या लाल रंग टिपणाऱ्या पेशी थकतात. मग जे पिवळं आहे तेही हिरवट दिसायला लागतं, आणि सूर्य गेल्यावर डोळे मिटले तरी हिरवट-निळा डाग तरंगतो. पूर्वी अनेक शास्त्रज्ञ म्हणायचे की सगळं प्रकरण एवढंच आहे. ते तसं नाही याचा एक साधा पुरावा सूर्योदय देतो. पहाटे डोळे ताजे असतात, लाल काही बघितलेलं नसतं, आणि तरीही क्षितिजावर उमटणारा पहिला ठिपका हिरवा असू शकतो. 4 ते 8 च्या सकाळच्या वॉचला मी तो पाहिलाय. अडचण इतकीच की सूर्य नेमका कुठून उगवणार ते आधी माहीत असावं लागतं. आम्हाला दिशा गणिताने काढलेली असते म्हणून जमतं. दुसरा पुरावा कॅमेऱ्याचा. इटलीत कास्तेल गान्दोल्फो इथे असलेल्या व्हॅटिकनच्या वेधशाळेने 1950 च्या दशकात या चमकेचे रंगीत फोटो घेतले, आणि फिल्मचे डोळे थकत नाहीत. तरीसुद्धा यंग यांचं म्हणणं मला पटतं: सूर्यास्ताला लोकांना दिसणाऱ्या हिरव्या रंगात थकलेल्या डोळ्याचा वाटा बराच असतो. जितका कमी वेळ सूर्याकडे बघाल तितकं तुमचं ‘हिरवं दिसलं’ विश्वासार्ह.

इतिहासात फार शिरत नाही. ऊर्जेच्या एककाला ज्यांचं नाव आहे त्या जेम्स ज्यूल यांनी 1869 मध्ये मावळत्या सूर्याची शेवटची झलक निळसर हिरवी असल्याचं नोंदवलं होतं. 1882 च्या एका फ्रेंच कादंबरीने ही गोष्ट जगभर पोचवली आणि तिच्याबरोबर ‘जो ही चमक पाहील त्याला स्वतःचं आणि दुसऱ्याचं मन कळतं’ अशी दंतकथाही चिकटली. ब्रिजवर तरी कोणाला कोणाचं मन कळल्याचा अनुभव नाही. 1929 मध्ये अंटार्क्टिकावर अमेरिकी शोधक रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेतल्या लोकांना मात्र ही चमक थांबत थांबत 35 मिनिटं दिसली, कारण ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाला घासत आडवा सरकतो. आपल्याकडे उलटं. रत्नागिरीच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, सेकंदाला 14 विकलांच्या आसपास. म्हणजे ती 10-20 विकलांची किनार एका सेकंदात संपते. उत्तर युरोपात हाच सूर्य तिरका जातो आणि वेळ दुपटीच्या आसपास मिळतो.

कोकणातून दिसेल का? दिसेल, पण आपल्या किनाऱ्याचा खरा शत्रू ढग नाही, धूसरपणा आहे. पर्यटक येतात डिसेंबर-जानेवारीत. आकाश निळं, ढगाचा ठिपका नाही. पण रात्री आणि सकाळी वाहणारे मतलई वारे जमिनीवरची धूळ आणि धूर समुद्रावर नेऊन ठेवतात. संध्याकाळी क्षितिजावर एक तपकिरी पट्टा असतो आणि सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्यात विरघळून जातो. हर्णे असो की वेंगुर्ले, हिवाळ्यातले बरेच सूर्यास्त असेच वाया जातात. मुंबईबद्दल तर बोलायलाच नको.

मला जास्त आशा वाटते ती पाऊस ओसरल्यानंतरच्या दिवसांत, सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये, दुपारचे ढग विरले असतील आणि वारा उघड्या समुद्राकडून येत असेल तेव्हा. अवकाळी पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशीची संध्याकाळही सोडू नये. किनाऱ्याच्या धुरापासून लांब असलेलं लक्षद्वीप कोकणापेक्षा उजवं. आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे दक्षिण हिंदी महासागरातल्या व्यापारी वाऱ्यांचा पट्टा, पण तिथे तिकीट काढून जाता येत नाही.

जागा निवडताना क्षितिजाची रेघ बघा. पाणी आणि आकाश यांच्यातली हद्द स्पष्ट, कडक दिसली पाहिजे. दुसरी कसोटी सूर्याची. बिंब पाण्याजवळ येऊन लालभडक आणि डोळ्यांना सुखाचं झालं असेल तर चहा प्यायला जा, काही दिसणार नाही; निळ्यासोबत हिरवाही वाटेतच गळलाय. पाण्याला टेकतानाही सूर्य पिवळा असेल आणि बघवत नसेल, तर थांबा. उंचीचं म्हणाल तर पुळणीवरून तांब्याच्या आकाराची चमक मिळेल, रत्नदुर्ग किंवा गोव्यातल्या काबो द रामासारख्या समुद्रात घुसलेल्या किल्ल्यावरून खाचांची शक्यता. उंचीबरोबर क्षितिज लांब जातं: दोन मीटरवरून ते 5 किलोमीटरवर असतं, 100 मीटरवरून 38 वर. नजर हवेतून जितकी लांब जाईल तितका धूसरपणा आड येतो, हेही लक्षात ठेवा. महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवरून बिंबाचे चित्रविचित्र आकार मी पाहिलेत, हिरवा रंग कधीच नाही.

एक युक्ती सांगतो. समुद्र शांत असेल तर वाळूवर पालथे पडा, डोळा जमिनीपासून फूटभर वर. सूर्य बुडाला की झटकन उभे राहा. उंची वाढल्याने क्षितिज खाली सरकतं आणि गणिताने सुमारे पाच सेकंदांचा सूर्य परत मिळतो. नशीब असेल तर चमक दोनदा. लाटा मोठ्या असतील तर हे जमत नाही, खालच्या डोळ्याला लाटाच दिसतात. जहाजावर हेच काम शिड्या करतात: दोन मीटरवरून दहा मीटरवर गेलात तर तेरा सेकंद मिळतात.

डोळ्यांबद्दल मी कडक आहे. वर म्हटलं तसं, चमकेसाठी चांगला दिवस म्हणजे सूर्य शेवटपर्यंत प्रखर असलेला दिवस, म्हणजेच डोळ्यांसाठी वाईट दिवस. बिंब अर्ध्याहून जास्त वर असेल तोवर त्याच्याकडे टक लावू नका, बाजूला बघा, मधूनच आकारावर एक ओझरती नजर टाका. दुर्बीण तर सूर्याची फक्त बारीक फाक उरल्याशिवाय उचलायचीच नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या हाती दुर्बीण देऊच नका. आमच्या 7x50 च्या दुर्बिणीतून हिरवी किनार सातपट मोठी होते आणि मृगजळाशिवायही ओळखू येते, हा मोह मला समजतो. पण दृष्टिपटल भाजताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

फोटोचं. मोबाइलच्या साध्या लेन्सने होणार नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 400 मिलिमीटर लेन्स लावली तर सेन्सरवर सूर्याची प्रतिमा पावणेचार मिलिमीटरच्या आसपास पडते, म्हणजे साधारण 600 पिक्सेल रुंद. त्यात 15 विकलांची किनार पाचेक पिक्सेलची. मृगजळाने ताणली तर फोटो होतो. त्याहून लांब लेन्स असेल तर उत्तम. भक्कम ट्रायपॉड, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता दिवसाच्या उजेडावर कायम, फोकस आधीच क्षितिजावर बसवून ठेवलेला, आणि एक्स्पोजर मुद्दाम कमी. बिंब पांढरं जळलं की किनारीचा हिरवा पिवळ्यात बुडतो, बहुतेकांचे फोटो इथेच फसतात. कॅमेऱ्याच्या आरशातून येणाऱ्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, मागच्या स्क्रीनवर बघा. तांब्याचा आकार दिसला की सलग फोटो सुरू करा आणि सूर्य जाईपर्यंत बोट उचलू नका.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या हिरव्या ठिपक्यांच्या फोटोंबद्दलही विचारलं जातं. सूर्य अजून बराच वर आहे आणि हिरवा ठिपका मधल्या पाण्यावर किंवा वाळूवर आहे, तर तो मोबाइलच्या लेन्समधल्या आतल्या परावर्तनाचा. फोटोच्या मध्यबिंदूतून सूर्यापासून सरळ रेघ ओढा, ठिपका पलीकडे तेवढ्याच अंतरावर सापडेल. खरी चमक नेहमी सूर्याच्या वरच्या काठाला चिकटून किंवा त्यातून नुकती सुटलेली असते.

ज्यांना सूर्याची भीती वाटते त्यांनी शुक्रावर सराव करावा. शुक्र संध्याकाळी पश्चिमेला असतो त्या महिन्यांत स्वच्छ रात्री तो समुद्रात मावळेपर्यंत दुर्बिणीतून बघत राहा. तो लाल, हिरवा चमचमतो, वर हिरवा आणि खाली लाल असा फुटलेला दिसतो, आणि कधी शेवटी हिरवा होऊन जातो. डोळ्यांना धोका शून्य. मात्र आधी खात्री करून घ्या की सूर्य बुडून बराच वेळ झालाय.